‘खरकटं’च्या सुजीला

सुजे, तुझ्या पिंडाला कावळा शिवेना गं. दहाव्याला सकाळी आठपासून आम्ही नदीकाठी उभे होतो. समोरच्या बाभळीवर चांगले चार-पाच कावळे बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. तू असतीस तर हसली असतीस. "माझ्या पिंडाला कावळा न्हाई शिवला तर कुत्र्याला घाला, त्येनंबी न्हाई खाल्लं तर हिरीला घाला, ती कायबी खाती," असं तू होस्टेलच्या मेसमध्ये माझ्याकडं बोट करून म्हणाली होतीस, आणि मी तुला हातातली चपाती फेकून मारली होती. परवा मात्र मला हसू आलं नाही. तुझं काय अडलंय ते मला माहीत आहे असं वाटत होतं, आणि माझं तोंड उघडत नव्हतं.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. ‘महिला वाद्यवृंदाच्या माजी गायिका’ असं छापलंय. वाद्यवृंद म्हणे. बँडचं नाव याही वेळी गाळलं. ‘खरकटं’ हा शब्द छापायला लोकांना अजून कसंसंच होतं. आपल्या रेक्टरबाई रोज ओरडायच्या, पोरींनो, खरकटं तसंच टाकून कुठं निघालात, आणि एकदा तू ताट हातात घेऊन थांबलीस आणि म्हणालीस, बास, हेच नाव. तू कोरेगावकडची, ऊसवाल्या घरातली, सुभेदाराची लेक. मी आटपाडीकडच्या धनगराची, होस्टेलात येईपर्यंत नळाला दिवसभर पाणी येतं हे न पाहिलेली. आणि तिसरी आपली नसीम, मिरजेहून रोज एसटीनं येणारी, जिचे अब्बा सतारी बनवायचे. तिघींना मिळून एक गाणंही धड सुरू करता येत नव्हतं.

तरी सुरुवात झाली, ती नसीमच्या भावानं आणलेल्या त्या सीडीमुळं. कुठल्याशा परदेशातल्या पोरींचा बँड. गिटार खरवडल्यासारखी वाजत होती आणि गाणारी तर नळावर भांडावं तशी भांडत होती. मी म्हटलं, ह्यांना वाजवता येत नाही. तू ते गाणं परत लावलंस, परत ऐकलंस, आणि म्हणालीस, "येत न्हाई, तरी वाजवत्यात. मग आपलं कुठं अडलंय?" माझं आयुष्य त्या एका वाक्यानं बिघडलं, सुजे. लय चांगलं बिघडलं.

नसीमच्या अब्बांनी तुझी ती जुनी बेस गिटार दुरुस्त करून दिली. तिला सतारीची खुंटी बसवली होती, म्हणून ती जरा तिरकी दिसायची. त्यांच्या कारखान्यात, छताला टांगलेल्या भोपळ्यांच्या खाली, आपण रविवारी वाजवायचो. मी ड्रमवर त्या इंग्लिश पोरींची नक्कल करत होते. तू तीन-चार रविवार ऐकून घेतलंस आणि मग विचारलंस, तुझा बाप धनगरी गजीनाचात ढोल वाजवतो ना, तो कसा वाजवतो? मी म्हटलं, आमच्यात बाईमाणूस ढोलाला हात लावत नाही. तू म्हणालीस, "मग हिथं लाव. हिथं कोण बगतंय?" मी वाजवलं. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून जे मांडीवर बोटांनी वाजवत होते ते पहिल्यांदा जोरात वाजवलं. अब्बा हातातलं काम टाकून दारात येऊन उभे राहिले. आपला आवाज त्या दिवशी सापडला. लोक पुढं म्हणाले की ‘खरकटं’चा ताल परदेशी आहे. काय बोलणार त्यांना.

आणि तुझं ते मोजणं. सगळे बँड वन टू थ्री फोर म्हणून सुरू करतात. तू म्हणायचीस, लाभ, दोन, तीन, चार. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, तुझी आई म्हणायची तसं. रेकॉर्डिंगमध्ये ते राहून गेलंय. तू गेल्यापासून मी कुकरला तांदूळ मोजायला वाटी बुडवते आणि कानामागं तुझा आवाज येतो, लाभ. इतका जवळून की मान वळवावी लागते. चार दिवस मी भातच लावला नाही. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर म्हटलं पित्त झालंय.

उंब्रजचा गणपतीतला कार्यक्रम आठवतो तुला? मंडळानं ऑर्केस्ट्रा समजून बोलावलं होतं. निवेदकानं नाव वाचलं, कागद उलटा करून बघितला, आणि ‘आता सादर करीत आहेत कुमारिका’ एवढंच म्हणून खाली उतरला. पहिल्या गाण्यानंतर पुढची पोरं लावणी मागायला लागली. तू माइकवर अगदी शांतपणे सांगितलंस की आमच्याकडं तीनच गाणी आहेत आणि तिन्ही पलीकडं बसलेल्या बायकांसाठी आहेत, तुम्ही तोवर चहा पिऊन या. आणि मग आपण ‘हक्कसोड’ घेतलं.

सही कर गं, साडी ने,
सणाला ये, पाटावर बस.
बांध आमचा, ऊस आमचा,
तुला गं बाई उसाचा रस.

कुणी टाळी वाजवली नाही. बायका खाली बघत होत्या. त्यातल्या कितीजणींना त्यांच्या भावांनी गाडीत घालून रजिस्ट्रारच्या ऑफिसात नेलं असेल, बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडला म्हणून सही घेतली असेल, वर साडी नेसवून पुरणपोळी वाढली असेल, ते त्यांच्या त्यांनाच ठाऊक. आपण सामान आवरत होतो तेव्हा पाण्याच्या टाकीमागून एक म्हातारी आली आणि तुला म्हणाली, मघाचं परत म्हण, पर हळू म्हण. तू तिथंच उकिडवी बसलीस आणि सात-आठ बायकांना ते गाणं गिटारीशिवाय, अंगाईसारखं म्हणून दाखवलंस. मी ड्रमच्या पेटीवर बसून ऐकत होते. आपण किती मोठं काहीतरी केलंय हे मला तेव्हा कळलं, आणि मला भीतीही वाटली.

ते गाणं कुणी विकलं नाही, कुठल्या कंपनीनं काढलं नाही. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे त्या काळात ते कराड, इस्लामपूर, विटा, फलटण असं पसरत गेलं. रानात तण भांगलणाऱ्या बायका ते म्हणायच्या. बचत गटाच्या मीटिंगा त्यानं सुरू व्हायच्या. एका बाईनं मला सांगितलं होतं की भावाबरोबर ऑफिसच्या पायरीपर्यंत गेले आणि तुमचं गाणं आठवलं आणि मागं फिरले. ही गोष्ट मी तुला सांगितली तेव्हा तू म्हणालीस, तिचं माहेर तुटलं असेल आता. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की तुझ्या घरात काय चाललंय.

मग तो रविवार. तुझे वडील जाऊन दोन महिने झाले होते. तू कारखान्यात आलीस ती हातात पिशवी घेऊन. पिशवीत हिरवी साडी होती, घडीही न मोडलेली. ती तू नसीमच्या गिटारीशेजारी ठेवलीस आणि म्हणालीस, "सही केली." नसीम रडायला लागली. मी रडले नाही. मी काय बोलले ते तुला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना सांगते, कारण ते माझ्यावर लिहिलेलं राहायला हवं. मी म्हटलं, "मग आता ते गाणं तुझ्या तोंडात शोभत न्हाई."

तू वाद घालशील असं मला वाटलं होतं. आपण कशावरून भांडलो नव्हतो? तालावरून, कपड्यांवरून, मेसच्या आमटीवरून. त्या दिवशी तू नुसतं "व्हय, बरोबर हाय" म्हणालीस, गिटारीची वायर काढलीस, गोल गुंडाळलीस आणि साडी उचलून गेलीस. तोवर लग्न होऊन नवऱ्यानं टाकलेली बाई तू, भावाच्या घरात राहणारी, सही केली नसतीस तर कुठं जाणार होतीस, हे मी विचारलं नाही. मला ते विचारायचंच नव्हतं. मला माझ्या बँडची गायिका स्वच्छ हवी होती. तू परत गायली नाहीस, आम्हीही वाजवलं नाही. नसीमचं लग्न होऊन ती हुबळीला गेली. मी एसटीत कंडक्टर झाले.

आता जे सांगायचं ते सांगते. त्यानंतर चार वर्षांनी माझे वडील गेले. तोवर आमच्या माळावर कॅनॉलचं पाणी आलं होतं. ज्या रानात मेंढरंसुद्धा उभी राहत नव्हती तिथं डाळिंब लागलं, आणि माझ्या दोघा भावांना अचानक बहीण आठवली. ते साडी घेऊन आले. आई म्हणाली, भाऊ तुटायला नको, बाई. मी ड्युटीवरून सुट्टी काढली, त्यांच्या गाडीत बसले, आणि सही केली. सुजे, सही करायला मला तुझ्यापेक्षा कमी वेळ लागला असेल. मला तर कुणी घरातून काढणारही नव्हतं, माझा पगार होता, नवरा चांगला होता. मी तुला सांगितलं नाही. नसीमला सांगितलं नाही. आणि तुझ्यावरचा राग तसाच ठेवला, उलट वाढवला. तो गेला असता तर माझ्याजवळ काय राहिलं असतं?

इतकी वर्षं मी विटा-सातारा गाडीवर आहे. आठवड्यातून तीन वेळा कोरेगावच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबते. तुझं घर तिथून चालत सात मिनिटं. मी एकदाही उतरले नाही. कंट्रोलरच्या खिडकीत एन्ट्री करायची, चहा घ्यायचा आणि गाडीत येऊन बसायचं. पावसाळ्यापूर्वी एकदा तूच चढलीस. केस गेले होते, डोक्याला रुमाल होता. मी ओळखलं, पण ओळख दाखवायला उशीर केला. तू माझ्या शेजारच्या सीटवर बसलीस आणि साताऱ्याचं तिकीट मागितलंस. बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यावरून तू म्हणालीस, "अर्धंच दे बाई. लाडक्या लेकी आपण, कुटंतरी अर्ध्याच्या धनी झालो." तू माझ्याकडं बघत होतीस. मी मशीनमधून तिकीट फाडलं आणि सुट्टे पैसे मोजत बसले. साताऱ्याला उतरताना तू "येते गं हिरे" म्हणालीस. मी मान हलवली का तेही मला आठवत नाही. दवाखान्यात चाललीस का, बरोबर कुणी का नाही, एक शब्द विचारला नाही. ती सीट अजून माझ्या शेजारी असते. तिथं कुणी बसलं की मला उठवावंसं वाटतं.

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी शिरवळहून एका पोरीचा फोन आला. प्राची नाव. तिथल्या कारखान्यात काम करते, चार पोरींचा बँड आहे, साताऱ्यात कार्यक्रम आहे, आणि त्यांना ‘हक्कसोड’ वाजवायचं आहे. तुम्ही परवानगी द्या म्हणाली. मी म्हटलं, ते गाणं बंद झालंय, जी म्हणत होती तिनंच सोडलं ते. आणि फोन ठेवला. म्हणजे तू मेल्यावरसुद्धा मी तेच बोलले.

तर तो दहावा. पिंड मांडला. तुला आवडायची म्हणून कांदाभजी ठेवली, चहाचा कप ठेवला. तुझा भाऊ संपत पुढं झाला, मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस, त्यानं ताठ उभं राहून हात जोडले. म्हणाला, आक्का, आईची काळजी करू नगंस, आमी हाय. कावळे बसून राहिले. म्हणाला, तुझं वर्षश्राद्ध गावजेवण घालून करतो. कावळे बसूनच. तुझी चुलती म्हणाली, तिचं कायतरी मोठं अडकलंय. आणि सगळा घाट संपतकडं बघायला लागला, कारण तुझा जीव त्या सहीत, त्या जमिनीत अडकलाय असंच सगळ्यांना वाटत होतं. संपतनं खाली बघितलं. त्याच्या गळ्यापर्यंत आलं असेलही, पण त्याची दोन पोरं शेजारी उभी होती, आणि तो बोलला नाही. मला त्याचा संताप आला. बोल की, असं मी मनात म्हणत होते. आणि तेवढ्यात लक्षात आलं की मी त्याच्याचसारखी खाली बघून उभी आहे.

मी बायकांमधून पुढं गेले. मी मोठ्यानं म्हटलं, "सुजे, मीबी सही केलीया. तुला बोलले, त्याच्यानंतर चार वर्सांनी. तुला सांगितलं न्हाई. तू चुकीची नव्हतीस, आन मी तुझं गाणं काढून घेतलं."

तुझी आई, जिला आता ऐकू कमी येतं, तिनं माझ्या हाताला धरून बाजूला बसवलं आणि म्हणाली, "मीबी केली हुती बाई, माझ्या भावाला." एवढंच. सगळ्यांनी वर बघितलं. एक कावळा खालच्या फांदीवर आला, मान तिरकी करून बघितलं, आणि उडून नदीपार गेला. शेवटी साडेदहाला दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि लोक अंघोळीला गेले. म्हणजे ऐकलंस की नाही ऐकलंस, ते मला कळलंच नाही. तुझा स्वभाव असाच होता. भांडणात शेवटचं उत्तर कधी लगेच द्यायची नाहीस.

मी स्टँडकडं चालले होते तर मागून एक पोरगी पळत आली. बारीक कापलेले केस, अंगात कंपनीचा निळा शर्ट. तीच प्राची. ती सगळा वेळ मागं उभी होती. मी म्हटलं, फोनवर बोलले त्याचं वाईट वाटून घेऊ नको, खुशाल म्हणा गाणं. ती म्हणाली, मावशी, गाणं ताईंनीच शिकवलंय. दोन वर्षं दर सुट्टीला ती शिरवळहून कोरेगावला तुझ्याकडं येत होती. तुझी ती तिरकी गिटार आता तिच्याकडं आहे. माझी गाडी स्टँडवर थांबत होती तेव्हा सात मिनिटांवर तू हे गाणं शिकवत होतीस, आणि मी चहा पीत होते.

मग तिनं सांगितलं की तू एक शेवटचं कडवं नवं केलंस, पण त्याला अट घातलीस. ताई म्हणाल्या होत्या, "हिरीनं तिच्या तोंडानं सांगितलं तरच ह्ये म्हणायचं. न्हाईतर माझ्यासंगं जाऊ दे." मला काही समजेना. मी विचारलं, काय सांगितलं तर? प्राची म्हणाली, आत्ता घाटावर सांगितलंत ते. ताईंना लई वर्षं माहीत होतं. सातबारा आता मोबाईलवर कुणालाही दिसतो ना, त्यांनी तुमच्या गावचा काढून बघितला होता. तुमचं नाव नव्हतं.

म्हणजे तू त्या दिवशी गाडीत चढलीस तेव्हा तुला माहीत होतं. अर्धंच दे म्हणालीस आणि माझ्याकडं बघत राहिलीस, ते मी बोलावं म्हणून. तुझ्याजवळ माझ्यापेक्षा धारदार वाक्य होतं आणि ते तू एकदाही वापरलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर भर स्टँडवर ओरडून सांगितलं असतं. एवढी माया कुठून आणलीस गं? आणि मला ती आधी का दिली नाहीस, दोघी बसून रडलो असतो, एवढी वर्षं फुकट गेली नसती. ह्यावर मी तुझ्याशी भांडणार आहे. ह्यात तुझीही चूक आहे.

स्टँडच्या बाकावर बसून त्या पोरीनं ते कडवं मला म्हणून दाखवलं.

सही केली सुजीनं,
सही केली हिरीनं.
भ्याल्या हुत्या दोघीबी,
खोट्या न्हवत्या कवाबी.

मी पदरात तोंड घालून रडले, लोक बघत होते तरी. त्यांच्या बँडची ड्रमवाली परगावी बदलून गेली आहे, तेव्हा शनिवारी साताऱ्यात मी वाजवणार आहे. काल पहिली तालीम झाली. हात जड झालेत, दम लागतो. शेवटची ओळ तालात बसत नाही, एक ठोका कमी पडतो. पोरी म्हणाल्या, मावशी, शब्द जरा बदलून घेऊ. मी म्हटलं, तिच्या शब्दाला हात लावायचा नाही, ठोका मी वाढवते.